खोलगट छाती: माप घ्यायला येण्याआधी हे वाचा

आमच्या व्हॉट्सअॅपवर खोलगट, म्हणजे मधलं हाड आत गेलेल्या, उघड्या छातीचे फोटो सतत येत असतात. कुणी शेजारी शाळेची पट्टी धरलेली असते, कुणी खड्ड्यात लिंबू ठेवून दाखवतं, आणि खाली एकच प्रश्न असतो: "ऑपरेशन लागेल का?" याचं उत्तर आम्ही फोनवर देत नाही आणि दुकानात आलात तरी देणार नाही. आम्ही कॅलिपर, ब्रेस, बेल्ट बनवणारी माणसं. ऑपरेशनचं सर्जनच सांगतील. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर लोक आम्हाला जे विचारतात, ते एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे पत्रक.

सगळ्यात आधी, ज्यावरून आमच्या काउंटरवर रोज वाद होतो ते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट नसेल तर आम्ही व्हॅक्यूम बेलचं, म्हणजे हवा ओढून छाती वर उचलणाऱ्या वाडग्याचं, माप घेत नाही. सांगली, लातूरहून पहाटेच्या गाडीने आलेल्या माणसाला परत पाठवताना आम्हालाही बरं वाटत नाही. "अहो, नुसतं माप तर घ्या, चिठ्ठी नंतर पाठवतो" असं म्हटलं जातं. घेत नाही, कारण माप घेताना बेल लावून बघावीच लागते, आणि ती कुणाला लावायची नाही हे बाहेरून दिसत नाही.

खोलगट छाती असलेली बहुतेक मुलं एरवी ठणठणीत असतात. पण थोड्या मुलांमध्ये तिच्यासोबत मार्फन सिंड्रोमसारखा आजार असतो. मूल उंच, सडपातळ, बोटं लांब, दोन्ही हात पसरले तर ते अंतर उंचीपेक्षा जास्त, चष्म्याचा नंबर मोठा. अशा मुलाची हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी फुगलेली असू शकते, आणि ते इकोतच कळतं. रक्त न गोठण्याचा आजार असेल, हाडं ठिसूळ असतील, तरीही बेल लावायची नसते. हे तपासणं आमच्या अखत्यारीत नाही. नेटवर बेल विकणारे काही विचारत नाहीत, कार्ड घासलं की पार्सल दारात. आम्ही विचारतो, त्यामुळे काही गिऱ्हाइकं जातात. जाऊ देत.

दुसरी गोष्ट सीटी स्कॅनची. लोक स्कॅन करून येतात, पण डॉक्टरांच्या कागदावर फक्त 'छातीचा सीटी' एवढंच लिहिलेलं असतं. मग रिपोर्टमध्ये फुप्फुसं स्वच्छ आहेत असं येतं आणि आपल्याला हवा असलेला आकडाच नसतो. तो आकडा म्हणजे हॅलर इंडेक्स. खड्डा सर्वांत खोल असतो त्या जागी छातीची आतली आडवी रुंदी मोजायची आणि तिला छातीच्या मधल्या हाडापासून पाठीच्या मणक्यापर्यंतच्या अंतराने भागायचं. रुंदी 24 सेंटीमीटर आणि हाड ते मणका 6 सेंटीमीटर असेल, तर इंडेक्स 4. साधारण माणसाचा तो 2.5 च्या आसपास असतो. 3.25 च्या पुढे गेला की सर्जन ऑपरेशनचा गंभीरपणे विचार करू लागतात, मात्र एकट्या आकड्यावर निर्णय घेत नाहीत. हृदय दाबलं गेलंय का, झडपेत काही दोष आहे का, श्वासाची क्षमता किती, वर्षभरात खड्डा वाढला का, हे सगळं एकत्र बघतात. श्वास पूर्ण सोडून स्कॅन काढला तर इंडेक्स जास्त येतो, भरून घेतला तर कमी, म्हणून दोन वेगळ्या सेंटरच्या आकड्यांची तुलना करत बसू नका.

म्हणजे पट्टी धरून काढलेल्या फोटोचा उपयोग किती, हे लक्षात आलं असेल. जाड अंगाच्या मुलाचा खोल खड्डा उथळ दिसतो आणि किडकिडीत मुलाचा उथळ खड्डा भयंकर. स्कॅन आधीच झाला असेल तर परत काढू नका, विनाकारण किरणं घेऊ नयेत. सीडी घेऊन त्याच सेंटरमध्ये जा आणि इंडेक्स मोजून मागा. कित्येकदा तेवढ्यावर काम होतं. आणि आमच्याकडे येताना ती सीडीही आणा, नुसता कागद नको.

आता दोष कुणाचा, हा घराघरातला प्रश्न. आजी म्हणते सुनेने बाळंतपणात कॅल्शियम घेतलं नाही, सून म्हणते मालीशवाल्या बाईने छाती दाबली. दोघींचंही चूक. बरगड्यांना मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा, म्हणजे मऊ हाडं, वेड्यावाकड्या वाढतात आणि हाड आत ओढलं जातं. त्या तशा का वाढतात, याचं पक्कं कारण वैद्यकशास्त्राकडे अजून नाही. बऱ्याच घरांत काका, मामा, आजोबा कुणाची तरी छाती अशी असते. साधारण तीन-चारशे जन्मांत एक असं प्रमाण सांगतात, मुलींपेक्षा मुलग्यांत बरंच जास्त. तान्हेपणी थोडासा खळगा दिसतो आणि मग अकरा ते पंधरा या वयात उंची झपाट्याने वाढताना तो एकदम खोल होतो. पालक धावत येतात ते तेव्हाच. कॅल्शियमच्या गोळ्यांनी खड्डा भरत नाही, मालीश करूनही नाही.

एक चूक मात्र खरोखर नुकसान करते. 'छातीचा ब्रेस' म्हणून जो घट्ट पट्टा मिळतो, तो छाती पुढे आलेल्या मुलांसाठी असतो. कबुतरासारखी पुढे आलेली छाती दाबून आत बसवायची असते, तिथे तो छान काम करतो, आम्हीही बनवतो. आत गेलेली छाती त्याने आणखी आत जाईल. फोटोत दोन्ही प्रकार सारखेच 'वेगळी छाती' म्हणून दिसतात आणि दुकानदार एकाच नावाने विकतो. खांदे मागे ओढणारा पट्टाही खड्डा भरत नाही. तो पोक काढण्यापुरता, आणि पोक व्यायामाने जास्त चांगलं निघतं.

व्यायामाबद्दल सरळ सांगतो. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, पोहणं यांनी हाड वर येत नाही. पण या मुलांना छाती लपवायची सवय लागते. खांदे पुढे, पाठ वाकलेली, पोट सुटलेलं, आणि त्यामुळे खड्डा आहे त्यापेक्षा दुप्पट खोल दिसतो. पाठीचे आणि छातीचे स्नायू भरले की शर्टातून फरक कळतो. सौम्य खड्डा असलेल्या कितीतरी मुलांना एवढंच पुरतं. त्यांनी आमच्याकडून काहीही विकत घेऊ नये.

व्हॅक्यूम बेल म्हणजे मऊ कडेचा, पारदर्शक खिडकी असलेला वाडगा आणि त्याला जोडलेला हातपंप. एकार्ट क्लोबे नावाच्या जर्मन इंजिनिअरने ती स्वतःच्याच छातीसाठी बनवली, आणि 2000 नंतर डॉक्टरांनी ती मुलांवर वापरायला सुरुवात केली. पहिल्यांदा आम्ही मुलाला पाठीवर झोपवतो, कडेला किंचित पाणी लावतो आणि पंप त्याच्याच हातात देतो. दोन-तीन वेळा दाबलं की खिडकीतून छाती हळूहळू वर येताना दिसते. मूल मान उचलून बघतं, आई मोबाइल काढते. कड बरगड्यांवर चढली तर हवा सुटते, लहान पडली तर कातडी चिमटते, म्हणून साइज अंदाजाने घेऊन चालत नाही. मुलींसाठी वेगळ्या आकाराची बेल येते आणि त्यांचं माप आमच्याकडच्या ताई घेतात.

त्यानंतर चार तासांनी ठरलेला फोन येतो: "काढली आणि खड्डा परत आला!" येणारच. सुरुवातीला छाती तासाभरात पूर्वीसारखी होते. बेल बिघडलेली नाही, तुमचे पैसेही बुडालेले नाहीत. दातांच्या तारेसारखंच हे, महिनोन्‌महिने रोज थोडं थोडं. सुरुवात दिवसातून दोनदा अर्धा तास, मग डॉक्टर सांगतील तसं वाढवायचं. कडेला लाल ठिपके, थोडं काळंनिळं होणं, पाठ दुखणं हे होतं आणि जातं. हाताला मुंग्या आल्या तर हवा कमी करा. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर काढून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा, आम्हाला नंतर.

ही बेल कुणाला लागू पडते? वय अकराच्या आत, खड्डा दीड सेंटीमीटरपेक्षा कमी, छाती लवचिक, आणि सलग वर्षभर तरी न कंटाळता वापरणारं घर, असं असेल तर सर्वांत चांगला उपयोग होतो. यातली शेवटची अट सगळ्यात अवघड. परीक्षा आल्या की बेल कपाटात जाते, मे महिन्यात उकाड्याचं निमित्त, मग गणपती. अठरा वर्षांच्या मुलाला विकायला आमची हरकत नाही, पण त्याची छाती ताठ झालेली असते आणि फरक कमी पडतो, हे त्याला सांगूनच विकतो. ज्याचा इंडेक्स साडेचार आहे आणि जो सिंहगड चढताना पहिल्या वळणावर धापा टाकतो, त्याला बेलच्या नादात दोन वर्षं घालवू नको म्हणून आम्हीच सर्जनकडे पाठवतो.

ऑपरेशनच्या मुख्य पद्धती दोन. जुनी डॉ. रॅविच या सर्जनची, 1949 सालची. छाती पुढून उघडून वाकड्या कूर्चा काढायच्या आणि हाड सरळ करून बसवायचं. दुसरी डॉ. डोनाल्ड नस यांची. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकला 1987 मध्ये त्यांनी ती सुरू केली आणि 1998 मध्ये जगापुढे मांडली. दोन्ही बाजूंना काखेखाली छोटे छेद घेतात, दुर्बिणीने बघत वाकवलेली धातूची पट्टी हाडाखालून पलीकडे नेतात आणि उलटी फिरवतात. हाड तिथल्या तिथे वर येतं. पट्टी, म्हणजे बार, दोन ते चार वर्षं आत राहतो आणि मग छोट्या ऑपरेशनने काढतात. हाड लवचिक असताना, म्हणजे वाढीच्या वयात, हे सोपं जातं. मोठ्यांचंही होतं. मात्र शाळेत घालण्याआधी उरकून टाकू म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाची घाई करू नका. इतक्या लहान वयात कूर्चा मोठ्या प्रमाणात काढल्या तर छातीची वाढच खुंटल्याची उदाहरणं आहेत.

दुखतं का? हो, चांगलंच. अलीकडे बरगड्यांमधल्या नसा ऑपरेशनच्या वेळीच गोठवून बधिर करतात, त्याने वेदना आणि दवाखान्यातले दिवस दोन्ही कमी झाले. आपल्या सर्जनकडे ती सोय आहे का, हे विचारा. बार सरकणं, जंतुसंसर्ग हे धोके आहेत, क्वचित हृदयाला इजाही होऊ शकते. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन शोधा, त्यांनी अशी किती केली हे विचारायला लाजू नका. आणखी एक, जे लोक हमखास विसरतात: मुलाला खोट्या दागिन्याने, घड्याळाच्या पट्ट्याने, पँटच्या बटणाने खाज सुटते का, ते सांगा. ती निकेलची अॅलर्जी असू शकते. मग स्टीलऐवजी टायटॅनियमचा बार घालतात. बार असेपर्यंत छातीत बार आहे असं लिहिलेला कागद पाकिटात ठेवा, कारण अशा माणसाला छाती दाबून जीव वाचवायची वेळ आली तर जास्त जोर लागतो आणि शॉकचे पॅड छातीवर आणि पाठीवर लावावे लागतात.

पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी त्या भरतीचे वैद्यकीय निकष आधी वाचावेत. फुगवून 5 सेंटीमीटर छाती वाढणं एक, आणि वैद्यकीय तपासणीत खड्डा किंवा शरीरातला बार चालणं वेगळं. मेडिक्लेमवाले याला सौंदर्याचं ऑपरेशन किंवा बाहेरून दिसणारा जन्मजात दोष म्हणून नाकारू शकतात. इको, श्वासाची तपासणी, धावण्याच्या पट्ट्यावरची चाचणी यांचे रिपोर्ट जोडून ऑपरेशनच्या आधीच लेखी मंजुरी मागा. बसून केलेली श्वासाची तपासणी पुष्कळदा नॉर्मल येते आणि धावताना केलेली येत नाही, म्हणून ती चाचणी चुकवू नका.

इंडेक्स कमी, दम लागत नाही, पण मुलगा पोहायला जात नाही, मुंजीत उघड्या अंगाने बसताना रडला, हळदीच्या नावाने आतापासूनच घाबरतो: मग ऑपरेशन करावं का? आमच्या मते लाज हे क्षुल्लक कारण नाही आणि मुलाला 'मुलीसारखं काय लाजतोस' म्हणून गप्प करणं तर मुळीच बरोबर नाही. पण ती कुणाची लाज आहे, हे आधी बघा. आमच्या खोलीत अनेकदा मूल पंपाशी खेळत असतं आणि वडील त्याच्या लग्नाबद्दल बोलत असतात. मुलाला एकट्याला विचारा. तो थांबू म्हणाला तर थांबता येतं, वर्षाने परत मोजता येतं.

माप घेऊन शिकवायला तासभर लागतो, म्हणून वेळ घेऊन या. चिठ्ठी, इको, सीडी, आणि मुलाला सैल शर्ट. अंगाला तेल लावून आणू नका, कड निसटते. आमच्याकडून घेतलेल्या बेलची कड आणि पंप वर्षभर विनामूल्य बदलून मिळतो, आणि दर तीन महिन्यांनी खोली मोजून वहीत लिहून देतो, सर्जनना दाखवायला ती उपयोगी पडते. बाहेरून घेतलेल्या बेलची तपासणीही करतो, तिचे पैसे पडतील. वापरलेली बेल आम्ही विकत नाही, परतही घेत नाही. सोमवारी वर्कशॉप बंद असतं.