‘ग्लॅमर’ फ्रेंच नव्हे, स्कॉटिश!

सिनेमाच्या पानांवर रोज दिसणारा ‘ग्लॅमर’ हा शब्द पॅरिसच्या फॅशनबरोबर आला, असं बऱ्याच जणांना वाटतं. स्पेलिंगमधल्या ‘ओ-यू-आर’मुळे हा समज पक्का होतो. अमेरिकनांनी ‘कलर’, ‘ऑनर’मधला ‘यू’ काढून टाकला, पण इथे बहुधा ठेवलाच.

प्रत्यक्षात हा शब्द घडला स्कॉटलंडमध्ये, आणि तोही चक्क ‘ग्रामर’मधून! मध्ययुगात ग्रामर म्हणजे लॅटिनची विद्या. ती मूठभरांकडेच होती, त्यामुळे पोथी वाचणाऱ्याला मंत्रतंत्रही येत असणार, असा लोकांचा संशय. (आपल्याकडच्या पंचाक्षरींना हे ऐकून नवल वाटायचं नाही.) बोलताना दोन ‘र’पैकी एकाचा ‘ल’ झाला आणि ‘ग्लॅमर’ म्हणजे नजरबंदी, चेटूक, असा अर्थ रूढ झाला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कवी ॲलन रॅमझीने हाच अर्थ दिला आहे: जादूगार पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर टाकतात ती भूल. 1789 मध्ये रॉबर्ट बर्न्सने तर एका कवितेत ‘ग्लॅमर’ आणि ‘ग्रामर’ यांचं यमकच जुळवलं, दोन्ही काळ्या विद्येच्या संदर्भात. पुढे वॉल्टर स्कॉटच्या लेखनातून शब्द इंग्रजीत पसरला. रूपाची मोहिनी हा अर्थ त्यानंतरचा. हॉलिवूडने तो जगभर नेला.

फ्रेंचचा संबंध अगदीच नाही असं नाही. ‘ग्रामर’ स्वतः ग्रीक-लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलं. पण ‘ग्लॅमर’ हे रूप फ्रेंचांनी इंग्रजीकडूनच उसनं घेतलं.