गॅलिलिओचा सरकारी सिग्नल आणि त्याच्या चाव्या

जीपीएससारखी जागा दाखवणाऱ्या युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांचा एक सिग्नल आपल्या मोबाईलमधे फुकट येतो, पण त्याच उपग्रहांवरून आणखी एक सिग्नल येत असतो जो आपल्याला कधीच वापरता येणार नाही, त्याचं नाव पीआरएस, म्हणजे पब्लिक रेग्युलेटेड सर्व्हिस. तो पोलीस, कस्टम्स, सैन्य, आपत्तीत मदतीला धावणाऱ्या यंत्रणा अशांसाठीच राखून ठेवलाय. भारताच्या नाविक या अशाच उपग्रह यंत्रणेमधेही सगळ्यांसाठी एक आणि ठराविक लोकांसाठी एक अशा दोन सेवा आहेतच.

वेगळा सिग्नल कशाला? तर हे उपग्रह 23,222 किमी उंचीवर आहेत, तिथून जमिनीवर येईपर्यंत सिग्नल इतका क्षीण होतो की एखादा छोटा जॅमरसुद्धा तो दाबून टाकतो. त्याहून वाईट म्हणजे स्पूफिंग, म्हणजे नकली सिग्नलने फसवणं. फुकटच्या सिग्नलची रचना जाहीर आहे, त्यामुळे कोणी हुबेहूब नकली सिग्नल सोडला की रिसिव्हर आरामात फसतो आणि जहाज भलतीकडेच असल्याचं दाखवतो. पीआरएस एन्क्रिप्टेड, म्हणजे गुप्त सांकेतिक चावीने कुलूपबंद असतो, ती चावी नसेल तर नक्कल बनवणं जवळपास अशक्य, शिवाय तो 1575.42 आणि 1278.75 मेगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत येतो म्हणून जॅम करायलाही जास्त कष्ट पडतात. पण जॅमिंग पूर्ण थांबतं असं अजिबात नाही.

मला यातला खरा अवघड भाग गणिताचा वाटतच नाही, चावी कोणाच्या हातात द्यायची हा वाटतो! चालू चाव्या असलेला एक रिसिव्हर चुकीच्या हातात गेला तरी घोळ. म्हणून 2011 मधे युरोपियन युनियनने नियमच केले, ज्या देशाला पीआरएस वापरायचाय त्याने एक जबाबदार प्राधिकरण नेमायचं, वापरणारे कोण आणि रिसिव्हर बनवणारे कोण यावर त्याची नजर. वापरायची सक्ती कोणावर नाही. आणि युनियनबाहेरच्या देशाला हवा असेल तर आधी सुरक्षेचा करार, मग पीआरएसचा वेगळा करार.

हा नियम किती कडक आहे ते ब्रेक्झिटनंतर ब्रिटनला कळलं. पहिल्या 34 पूर्ण क्षमतेच्या उपग्रहांचे नेव्हिगेशन पेलोड, म्हणजे हे सिग्नल बनवणारी उपकरणं, ब्रिटनमधल्याच गिल्डफर्डच्या कंपनीने बनवलेली, तरी ब्रिटन बाहेरचा देश ठरला आणि पीआरएसचं दार बंद झालं. 2018 च्या नोव्हेंबरमधे तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संरक्षणासाठी गॅलिलिओ वापरणार नाही असं जाहीरच केलं, आणि ब्रिटनमधल्या स्वानविकचं गॅलिलिओचं राखीव सुरक्षा केंद्र स्पेनमधे माद्रिदजवळ हलवलं गेलं.