उष्णतेचा ताण आणि गायीचे दूध

गायीच्या अंगात साठणारी उष्णता तिला बाहेर टाकता येईनाशी झाली, की तिला उष्णतेचा ताण आला असे म्हणतात. उष्माघात ही त्याची टोकाची अवस्था. दूध त्याच्या बरेच आधी घटू लागते. इंदूरच्या मराठी घरांत महिन्याच्या बोलीने लावलेल्या दुधाला ‘बंदी’ म्हणतात. मे महिन्यात बंदीच्या दुधावर साय पातळ धरू लागली, की पहिला संशय गवळ्याच्या पाण्यावर जातो. तो दर वेळी खोटाच असतो असे नाही. पण सायीचे कारण गायीच्या पोटातही असू शकते.

कोठीपोटात, म्हणजे गायीच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, वैरण आंबते आणि आंबताना उष्णता सोडते. दूध जास्त तर खुराक जास्त, आणि खुराक जास्त तर आतली चूल मोठी. म्हणून वीस लिटर देणारी संकरित होल्स्टीन धापा टाकत असते, तेव्हा शेजारची भाकड गाय निवांत रवंथ करताना दिसते. तापलेली गाय आधी खाणे कमी करते. मात्र दुधातली सगळी घट खाण्यामुळे होत नाही. थंडाव्यातल्या गायींना मुद्दाम तेवढाच कमी चारा देऊन तुलना केली, तेव्हा खाण्याचा वाटा जेमतेम निम्मा निघाला. एरवी अर्धपोटी गाय अंगावरची चरबी वितळवून दूध देते. ताणातल्या गायीच्या रक्तात इन्शुलिन चढे राहते, चरबी सुटत नाही आणि कासेला मिळायचे ग्लुकोज इतरत्र खर्च होते.

सायीचा संबंध धापांशी आहे. धापांमुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते. तोल सावरायला मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा आम्ल मारणारा क्षार टाकून देतात. लाळेत ते कमी उतरते, आणि त्यातली बरीच लाळ तोंडातून गळून वाया जाते. कोठीपोट आंबट होते, दुधातले फॅट घटते. आंबोणात खाण्याचा सोडा घालतात तो यासाठी.

दुपारी दोनला पत्र्याच्या गोठ्यात अशी गाय ओळखायला थर्मामीटर लागत नाही. ती बसत नाही. बसले तर अंगाखालून वारा जात नाही. मान पुढे ताणलेली, ओठांना फेस, आणि समोर पडलेला भुसा तसाच. घड्याळ लावून कुशीची हालचाल मोजावी. मिनिटाला साठाच्या वर श्वास गेले, की ताण सुरू झाला.

हवेचा जाच मोजायला तापमान-आर्द्रता निर्देशांक वापरतात. कोरड्या आणि ओल्या (टोकाला ओले फडके गुंडाळलेल्या) थर्मामीटरच्या आकड्यांची बेरीज करून तिला ०.७२ ने गुणायचे आणि त्यात ४०.६ मिळवायचे. ७२ च्या पुढे ताण धरतात. जास्त दुधाच्या गायींना ६८ पासूनच त्रास होतो. मेच्या दुपारी ४१ आणि २१ अंश असतील तर निर्देशांक ८५ येतो. पण त्याच रात्री २४ आणि १७ वर तो ७० ला उतरतो. जुलैच्या रात्री कोरडा पारा तोच २४, ओला मात्र २३, निर्देशांक ७४. म्हणजे पावसाळ्यात गायीची रात्रही सुटकेची नसते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवरच्या माळव्यातल्या रात्रींची, ‘शब-ए-मालवा’ची, तारीफ शायरांनी केली, मेमध्ये तिचा लाभ गायीला माणसाइतकाच होतो. सगळी चर्चा मात्र दुपारच्या पाऱ्याची होते.

शिवाय दुधावरचा परिणाम साधारण दोन दिवस उशिरा उमटतो. तोवर एखादे ढगाळ वातावरण येऊन जाते आणि खापर नव्या सरकी पेंडीवर फुटते.

वशिंडाच्या गायी हा ताण बऱ्या सोसतात. सैल कातडी, आखूड चकचकीत केस, घाम जास्त आणि आतली चूल लहान. शेवटचे कारण सोयीने विसरले जाते. माळवी गाय इंदुरी उन्हात खुशाल हिंडते हे खरे, पण ती मुळात बैलांसाठी जोपासलेली जात, दूध थोडे. गीर ही माळवी आणि होल्स्टीन या दोहोंच्या मध्ये बसते. म्हशीला काळी कातडी आणि कमी घामग्रंथी, म्हणून तिला डबके लागते.

उपायांत सावली पहिली: उंच छप्पर, पत्र्यावर चुना, शक्य तर कडुनिंब. मग गाय कातडीपर्यंत भिजवायची आणि पंख्याने सुकवायची, पुन्हा भिजवायची. एक लिटर पाणी वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेते. बारीक धुके सोडणारे फॉगर मेच्या कोरड्या हवेत चालतात. जुलैत ते गोठ्याचा दमटपणाच वाढवतात, तेव्हा वाराच हवा. मोठा खुराक सूर्य मावळल्यावर आणि पहाटे द्यावा, पाणी सावलीत असावे.

पंखे धारेच्या गायींना मिळतात. विण्याआधीचे दोन महिने आटवलेली गाभण गाय पत्र्याच्या कडेला, उन्हाच्या बाजूला बांधलेली असते. दूध नाही तर वीज कशाला, असा हिशेब. याच काळात कासेतल्या दूध तयार करणाऱ्या पेशी नव्याने वाढतात. मेमध्ये तापलेली गाय पावसाळ्यात व्यायली, की सगळे वेत कमी दुधाचे जाते, आणि तिच्या पोटी तापलेली कालवडही पुढे कमी दूध देते.