अर्ध्या पेनीचा निकाल: ‘क्यूबी सेव्हन’ या कादंबरीची पार्श्वभूमी

अमेरिकन लेखक लिऑन युरिस यांची ‘एक्सोडस’ ही कादंबरी १९५८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत कैद्यांवर झालेल्या वैद्यकीय प्रयोगांचा तिच्यात ओझरता उल्लेख आहे. डॉ. डेरिंग नावाच्या शल्यचिकित्सकाने तेथे भूल न देता १७,००० शस्त्रक्रिया केल्या, असे त्यातल्या एका वाक्यात म्हटले आहे. कथानकाच्या दृष्टीने ते वाक्य गाळले असते तरी काही अडले नसते. मात्र या नावाचा माणूस हयात होता, याची लेखकाला कल्पना नव्हती. पुढे १९७० साली युरिस यांनी ‘क्यूबी सेव्हन’ ही न्यायालयीन कादंबरी लिहिली, ती या एका वाक्यामुळे ओढवलेल्या खटल्यातूनच.

डॉ. व्लादिस्लाव डेरिंग हे पोलिश डॉक्टर. भूमिगत चळवळीतील सहभागाबद्दल गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांना पकडले आणि १९४० साली ते कैदी म्हणूनच ऑशविट्झला पोहोचले. छावणीच्या रुग्णालयात, ब्लॉक २१ मध्ये, ते शस्त्रक्रिया करू लागले. त्याच सुमारास हॉर्स्ट शूमान हा नाझी डॉक्टर ज्यू तरुण-तरुणींवर क्ष-किरणांचा मारा करून निर्बीजीकरणाचे प्रयोग करत होता. किरणांचा परिणाम तपासण्यासाठी त्यांची अंडाशये आणि वृषणे काढून घेतली जात, आणि हे काम डेरिंग यांच्याकडे आले. जानेवारी १९४४ मध्ये जर्मनांनी त्यांची सुटका केली. युद्धानंतर ते इंग्लंडला गेले. पोलंडने त्यांना ताब्यात मागितले, तेव्हा त्यांना सुमारे दीड वर्ष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात ठेवण्यात आले, पण ओळखपरेडीत एका बळीला त्यांना ओळखता आले नाही आणि १९४८ साली ते सुटले. त्यानंतर त्यांनी आफ्रिकेतील ब्रिटिश सोमालीलँडमध्ये वसाहतीच्या आरोग्यसेवेत अनेक वर्षे काढली आणि १९६० साली त्यांना ‘ओबीई’ हा किताबही मिळाला. अशा प्रतिष्ठित गृहस्थाने आपले नाव कादंबरीत वाचले, आणि लेखक, ब्रिटनमधील प्रकाशक विल्यम किंबर व मुद्रक यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. मुद्रकाने माफी मागून अंग काढून घेतले. लेखक आणि प्रकाशक मात्र लढायला उभे राहिले.

येथे इंग्लंडच्या कायद्यातील एक मेख लक्षात घ्यावी लागते. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षावर असते, अब्रुनुकसानीच्या दाव्यात मात्र लिहिलेले खरे आहे हे लिहिणाऱ्यालाच सिद्ध करून द्यावे लागते. म्हणजे प्रतिवादीच्या जागी बसलेल्या कादंबरीकाराला सरकारी वकिलाचे काम करायचे होते, आणि तेही एका अशा वाक्याच्या बचावासाठी, जे त्याने नीट तपासून घेतलेले नव्हते. १७,००० हा आकडा टिकणारा नव्हता आणि भूल दिलीच नाही हे विधानही खोटे होते, कारण भूल दिली जाई, ती पाठीच्या कण्यात सुई खुपसून. बचावपक्षाने या दोन्ही गोष्टी सरळ मान्य केल्या आणि आपला युक्तिवाद सुमारे १३० शस्त्रक्रियांपुरता मर्यादित ठेवला. आरोपातला तपशील चुकला असला, तरी त्याचा गाभा खरा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

एप्रिल १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये न्यायमूर्ती लॉटन आणि ज्यूरीपुढे सुनावणी सुरू झाली. बचावाची बाजू लॉर्ड गार्डिनर मांडत होते, जे त्याच वर्षी ब्रिटनचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचे प्रमुख, झाले. छावणीच्या रुग्णालयातील शस्त्रक्रियांची नोंदवही पोलंडहून न्यायालयात आली. कैद्याचा क्रमांक, नाव आणि लॅटिनमधील शस्त्रक्रियेचे नाव अशा ओळींनी ती भरलेली होती. छावणीच्या कचेरीत नेटकेपणाने भरलेली ही वही वीस वर्षांनी पुरावा ठरेल, असे ती भरणाऱ्यांच्या मनातही आले नसेल. नोंदींमधले क्रमांक आणि साक्षीदारांच्या हातावर गोंदलेले क्रमांक यांचा मेळ लागत होता. ग्रीसमधील सालोनिकाहून पकडून नेलेल्या, तेव्हा कोवळ्या वयाच्या असलेल्या स्त्रिया पिंजऱ्यात येऊन दुभाष्यामार्फत आपल्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगत होत्या. कैदी असलेल्या डॉ. अलिना ब्रेव्दा यांना एके दिवशी भेदरलेल्या मुलींना शांत करण्यासाठी शस्त्रक्रियेच्या खोलीत बोलावण्यात आले होते. तेथे पाहिलेले त्यांनी साक्षीत सांगितले.

डेरिंग यांचे म्हणणे असे होते की, नकार दिला असता तर आपल्याला मारून टाकले असते आणि तेच काम एखाद्या अडाण्याच्या हाती गेले असते. किरणांनी बिघडलेला अवयव काढणे हे वैद्यकीय दृष्ट्याही योग्यच होते, असेही ते म्हणत. यावर बचावपक्षाने फ्रेंच डॉक्टर आडेलाइड ओतवाल यांना पुढे आणले. प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाची ही मुलगी ज्यूंची बाजू घेतल्याबद्दल पकडली गेली होती. छावणीच्या नाझी डॉक्टरांनी प्रयोगांत सामील होण्यास सांगितले तेव्हा तिने नकार दिला होता, एकदा नव्हे, अनेकदा. ही माणसे तुझ्यापेक्षा वेगळी आहेत हे तुला दिसत नाही का, असे विचारणाऱ्या डॉ. वीर्थ्स यांना तिने सुनावले होते की, माझ्यापेक्षा वेगळी माणसे बरीच आहेत आणि त्यांची सुरुवात तुमच्यापासूनच होते. नकार देऊनही ती जिवंत राहिली होती आणि न्यायालयात उभी होती. ज्यूरीला समजावून सांगताना न्यायमूर्तींनी तिचा विशेष गौरव केला.

६ मे १९६४ रोजी ज्यूरीने निकाल दिला. तांत्रिक दृष्ट्या दावा डेरिंग जिंकले, कारण छापलेले वाक्य जसेच्या तसे खरे नव्हते. नुकसानभरपाई मिळाली ती अर्धा पेनी, त्या काळचे ब्रिटनमधले सर्वांत लहान नाणे. हजारो पौंडांचा खर्चही त्यांच्याच माथी बसला. आपल्याकडे दमडीचीही किंमत नसणे म्हणतात, ते येथे अक्षरशः घडले. पुढच्याच वर्षी डेरिंग यांचे निधन झाले.

युरिस यांनी या सामग्रीतून जी कादंबरी उभी केली, तिचे नाव लंडनच्या ‘क्वीन्स बेंच’ न्यायालयाच्या सातव्या दालनावरून पडले. छावणीचे नाव बदलून जाडविगा केले, डॉक्टरला सोमालीलँडऐवजी सारावाकला पाठवले आणि लेखकाच्या पात्रावर स्वतःचीच छाया पाडली. निकालातले क्षुल्लक नाणे मात्र जसेच्या तसे ठेवले. आरंभी डॉक्टरबद्दल वाचकाला सहानुभूती वाटावी अशी रचना आहे आणि ती कादंबरीतील सर्वांत धाडसी गोष्ट आहे. पुढे नोंदवही हाती लागेल की नाही, या उत्कंठेवर कथानक ओढत नेले आहे, आणि तेथे मूळ साक्षींतला कोरडेपणा हरवतो. मला स्वतःला खटल्याचा वृत्तांत कादंबरीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. १९७४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर या कादंबरीची मालिका आली, त्यात डॉक्टरची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनी केली होती.

न्यायालयाच्या चौकटीत हा विषय मांडण्याची वाट त्याआधीच पडली होती. न्यूरेंबर्ग येथे १९४७ साली जर्मन न्यायाधीशांवर चाललेल्या खटल्यावर आधारित ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ हे नाटक १९५९ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर सादर झाले. प्रायोजकांत गॅस उद्योगाची संघटना होती, म्हणून संवादांतला ‘गॅस’ हा शब्द आवाज बंद करून पुसण्यात आला. चित्रपट १९६१ मध्ये आला, तेव्हा जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनचा खटला नुकताच जगाने पाहिला होता. जर्मन लेखक पेटर वाइस यांनी वेगळा मार्ग धरला. फ्रँकफर्टच्या ऑशविट्झ खटल्याची सुनावणी स्वतः ऐकून त्यांनी ‘दी एर्मिट्लुंग’ (तपास) हे नाटक साक्षींच्या शब्दांतूनच रचले आणि १९ ऑक्टोबर १९६५ रोजी ते दोन्ही जर्मनींतील अनेक रंगमंचांवर एकाच दिवशी सादर झाले. त्यात आरोपींना त्यांची खरी नावे आहेत, साक्षीदारांना मात्र नुसते क्रमांक.

लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचे हेच शस्त्र पुन्हा उपसले गेले ते जानेवारी २००० मध्ये. ज्यूसंहार नाकारणारे डेव्हिड आयर्विंग यांनी इतिहासकार डेबोरा लिपस्टाट आणि पेंग्विन प्रकाशनावर दावा लावला होता, आणि पुन्हा एकदा सत्य सिद्ध करण्याचे ओझे लिहिणाऱ्याच्या खांद्यावर आले. या वेळी ज्यूरी नव्हती, एकट्या न्यायमूर्ती ग्रे यांनी ११ एप्रिल रोजी आयर्विंग यांच्या विरुद्ध निकाल दिला. आयर्विंग स्वतःच आपली बाजू मांडत असल्यामुळे छावणीतून वाचलेल्या कोणालाही त्यांच्या उलटतपासणीला सामोरे जावे लागू नये, म्हणून बचावपक्षाने अशा एकाही साक्षीदाराला बोलावले नाही. या खटल्यावरचा ‘डिनायल’ हा चित्रपट २०१६ साली आला, तेव्हा पटकथाकार डेव्हिड हेअर यांनी न्यायालयातील प्रसंगांचे संवाद सुनावणीच्या अधिकृत नोंदींतूनच उचलले.