विकलांगता निवृत्तिवेतन : सैनिकांची अपील प्रक्रिया

भारतीय भूदल, नौदल किंवा हवाई दलात सेवा करताना आलेल्या विकलांगतेबद्दलचे निवृत्तिवेतन नाकारले गेले किंवा कमी मंजूर झाले, तर त्याविरुद्ध दाद मागण्याची पद्धत. माजी सैनिक या निवृत्तिवेतनाला ‘डिसेबिलिटी पेन्शन’ म्हणतात. त्यासाठी विकलांगता किमान २० टक्के असावी लागते आणि ती सेवेमुळे उद्भवलेली (‘अ‍ॅट्रिब्युटेबल’) किंवा सेवेमुळे बळावलेली (‘अ‍ॅग्रॅव्हेटेड’) असावी लागते. न्यायालयापर्यंत जाणारे वाद बहुधा या दुसऱ्या अटीवरचे असतात. गोळी लागून गेलेल्या पायाबद्दल कोणी फारसे भांडत नाही. भांडण होते ते रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मनोविकार किंवा फेफरे यांवरून.

वादाचे मूळ रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदात असते. सेवा संपताना लष्करी डॉक्टरांचे हे मंडळ विकलांगतेची टक्केवारी ठरवते आणि आजाराचा सेवेशी संबंध आहे की नाही याचे मत नोंदवते. त्यावरून जवानांचा दावा त्यांचे रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सेवानोंदी सांभाळणारे कार्यालय, निकाली काढते. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे कार्यालय बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे खडकीला. नकाराच्या पत्रात कारण पुष्कळदा एका ओळीचे असते : आजार सेवेमुळे झालेला नाही, बळावलेलाही नाही. म्हणून अपील लिहायला बसण्याआधी बोर्डाच्या कार्यवाहीची संपूर्ण प्रत हाती असणे फार गरजेचे. ती मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली मागता येते.

नियम मात्र सैनिकाच्या बाजूने झुकलेले होते, हे अनेकांना ठाऊक नसते. १९८२च्या पात्रता नियमांनुसार भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असे धरायचे. हक्क सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर टाकायचा नाही आणि रास्त शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात हे नियम ठळकपणे पुढे आणले. सिग्नल्स या लष्कराच्या दळणवळण दलातला हा जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि फेफऱ्यामुळे १९९४ मध्ये २० टक्के विकलांगतेसह बाहेर पडला. बोर्डाने आजार प्रकृतिगत, म्हणजे सेवेशी संबंध नसलेला, ठरवला होता, पण तसे का, याचे कारण दिले नव्हते. न्यायालयाने निवृत्तिवेतन मंजूर केले. तेव्हापासून या विषयावरच्या अर्जांत या निकालाचा उल्लेख हमखास सापडतो.

पहिले अपील नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिल्या अपिलीय समितीकडे करायचे असते, ते फेटाळले गेले तर दुसरे तितक्याच मुदतीत दुसऱ्या समितीकडे. दोन्ही समित्या प्रशासनातल्याच असल्याने बोर्डाचे मत तिथे सहसा बदलत नाही. तरीही ही पायरी चुकवू नये, कारण सशस्त्र दल न्यायाधिकरण (सैनिकांच्या सेवेविषयीच्या वादांसाठीचे खास न्यायपीठ) आधी उपलब्ध उपाय वापरले का हे पाहते. अपिलावर सहा महिने निर्णयच आला नाही, तर थेट न्यायाधिकरणात जाता येते.

सशस्त्र दल न्यायाधिकरण २००७च्या कायद्याने स्थापन झाले आणि २००९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातमधील अर्ज मुंबई खंडपीठाकडे जातात. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत इथेही आहे, पण विलंब माफ होऊ शकतो. निवृत्तिवेतन न मिळणे हा दर महिन्याला चालू राहणारा अन्याय मानला जातो. तरी उशिराची किंमत मोजावी लागतेच : सोळा वर्षांनी दाद मागणाऱ्या तरसेम सिंग यांना सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये थकबाकी दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. न्यायाधिकरणाच्या निकालानंतर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते का, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता; २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग खुला असल्याचे सांगितले.

पैशाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे टक्केवारीचे ‘राउंडिंग ऑफ’. शंभर टक्के विकलांगतेला विकलांगता-अंश, म्हणजे निवृत्तिवेतनातला विकलांगतेपोटीचा भाग, शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के धरला जातो; म्हणजे २० टक्क्यांना केवळ ६ टक्के. राउंडिंगमध्ये ५० टक्क्यांखालची विकलांगता ५० धरतात, आणि तोच अंश १५ टक्क्यांवर जातो. ही सवलत सरकार फक्त विकलांगतेमुळे मुदतीआधी सेवेतून काढलेल्यांना देत होते. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणातील निकालाने ती पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली. ज्यांच्या आदेशात राउंडिंग दिसत नाही, त्यांनी ते वेगळे मागायला हवे.

सैनिक जिंकला की सरकारने अपिलात जायचे, ही प्रथा इतकी बोकाळली की संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी २०१५ मध्ये खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली. समितीच्या अहवालात विकलांगता निवृत्तिवेतनावर सविस्तर विवेचन आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये नवे पात्रता नियम आले. सेवा पूर्ण करून विकलांगतेसह निवृत्त होणाऱ्यांसाठी त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ नावाची नवी तरतूद आहे. माजी सैनिकांच्या संघटनांनी या नियमांवर टीका केली. जुन्या निवृत्तांना ते लागू नाहीत. त्यामुळे अपिलात सर्वांत आधी निवृत्तीची तारीख तपासली जाते.