उडी नव्हे, उतरणं

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, पण इथे बॅले फारसा बघायला मिळत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरची नववीतली मुलगी मात्र गॅदरिंगसाठी मोबाइलवर बघून बॅलेच्या उड्या बसवतेय. उडी आम्हाला दिसत नाही, उतरल्याचा ‘धप्प’ तेवढा ऐकू येतो. गुडघ्यांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा.

समजा, तिचं वजन ४० किलो आणि उडी ३० सेंटीमीटरची. पाय टेकल्यावर शरीर पाचच सेंटीमीटरांत थांबलं, तर पायांवर सरासरी वजनाच्या सातपट, म्हणजे २८० किलोंचा भार येतो. तेच गुडघे, घोटे वाकवत ३० सेंटीमीटरांत थांबलं, तर दुप्पट, ८० किलो. उडी तीच, फरक थांबण्याच्या अंतराचा. म्हणून बॅले शिकणारी मुलं आधी ‘प्लिए’ घोटतात, म्हणजे गुडघे वाकवणं. उतरताना आधी बोटं, मग चवडा, शेवटी टाच.

पण वाकण्याचीही किंमत असते. विहिरीवरच्या मोटेचा नाडा (दोर) चाकावरून जितका जास्त वळतो, तितका चाकाला दाबतो. इथे मांडीचा स्नायू आणि गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा, म्हणजे स्नायूचा ओढ हाडापर्यंत नेणारा चिवट पट्टा, हे दोन्ही मिळून नाडा, वाटी म्हणजे चाक. गुडघा वाकेल तशी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. निसर्गाची हुशारी अशी, की वाकताना वाटी आणि मांडीचं हाड यांची एकमेकांना टेकणारी जागाही वाढते आणि भार पसरतो. तरी शेकडो उड्यांनी कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण, शिणते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे झीज सहजी भरून येत नाही. मज्जातंतूही नाहीत, म्हणून सुरुवातीला दुखतही नाही. वाटीच्या खालच्या टोकाशी दुखतं ते बहुतेकदा कंडऱ्याचं. व्हॉलीबॉलवाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक असतं.

बॅलेत पावलं बाहेर वळलेली असतात. हे वळण खुब्यातून यायला हवं. खुबा तेवढा वळत नसताना पावलंच ओढून फिरवली, की पीळ गुडघ्याला बसतो, आणि गुडघा मुख्यतः बिजागरी आहे.

राहिली जमीन. बॅलेचा लाकडी तक्ता आतून लवचिक असतो. आपल्याकडे कुस्तीच्या तालमीतली माती हळद, तेल, ताक घालून भुसभुशीत ठेवतात, तीही थांबायला थोडं अंतर देते. फरशी काहीच देत नाही.

मुलीला मी एवढंच सांगितलं, आवाज न करता उतर. तिसऱ्या दिवशी धप्प निम्मा झाला. टाच अजून आधी टेकते, खालूनही कळतं.