लोंबत्या नाडीच्या आधी: दादा कोंडके नावाची जडणघडण

दादा कोंडके म्हटलं की गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, तिची लोंबणारी नाडी आणि द्वयर्थी संवाद, एवढंच पुष्कळांना आठवतं. सेन्सॉरशी त्यांच्या उडालेल्या खटक्यांचे किस्से तर चघळून चोथा झालेत. पण हा माणूस चित्रपटात आला तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. त्याआधीची वर्षं पाहिल्याशिवाय त्या नाडीचा उलगडा होत नाही.

कृष्णा ऊर्फ दादा कोंडके यांचा जन्म 1932 साली मुंबईत, नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरातला. मूळ गाव भोरकडचं. गिरणगावात तेव्हा भजनी मंडळं, कलापथकं, शाहिरी यांची रेलचेल होती. गावाकडून आलेला कामगार सोबत आपला तमाशाही घेऊन आला होता. दादांनी ‘अपना बाजार’मध्ये नोकरी केली, बँडमध्ये वाजवलं, सेवादलाच्या कलापथकात कामं केली.

तमाशात गण-गौळण झाली की बतावणी, म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद, येते. सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विनोदी नट, तिथं लिहिलेलं थोडं आणि सुचलेलं जास्त बोलतो. राजाची फिरकी घेतो, मावशीला चिडवतो, समोर बसलेल्या पाटलालाही सोडत नाही. अर्धं वाक्य तो बोलतो, उरलेलं बघणाऱ्यानं मनात पुरं करायचं. द्वयर्थी म्हणून ज्याची पुढं छी थू झाली, ते मुळात हेच होतं.

या कसबाला साजेसा मजकूर दादांना लेखक वसंत सबनीसांकडून मिळाला. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे सबनीसांचं लोकनाट्य 1965 साली रंगमंचावर आलं. वशिल्यानं कोतवाल झालेला मेहुणा आणि हक्काची बढती हुकलेला हवालदार, एवढ्यावर वग, म्हणजे तमाशातलं कथानाट्य, उभा होता. बाकी जागा दादांना मोकळी. त्या दिवशीच्या पेपरातली बातमी रात्रीच्या प्रयोगात यायची. प्रयोग हजारावर गेले. सबनीसांचं लेखन इतकं बांधेसूद नसतं, तर ती उत्स्फूर्तता नुसती भरकटली असती, असं मला वाटतं. हे श्रेय त्यांना हातचं राखून दिलं जातं.

चित्रपटात आणलं दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी, ‘तांबडी माती’मधून, 1969 साली. दोनच वर्षांनी दादांनी स्वतः निर्माते होऊन ‘सोंगाड्या’ काढला. दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, लेखन पुन्हा सबनीसांचं. तमाशाच्या नादी लागलेला दादांचा भाबडा नाम्या, रत्नमालाची करारी आये आणि उषा चव्हाणची कलावती. दादरच्या कोहिनूरमध्ये देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी हा चित्रपट डावलला गेला, तेव्हा दादांनी बाळासाहेब ठाकरेंना गाठलं आणि शिवसैनिकांनी थिएटर मिळवून दिलं. शिवसेनेच्या व्यासपीठावर दादा पुढं दिसत राहिले, त्याची सुरुवात इथली.

दिग्दर्शनाची सूत्रं त्यांनी ‘पांडू हवालदार’पासून हाती घेतली, 1975 साली. मग ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ अशी रांगच लागली. नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवड्यांचा मुक्काम, केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. कथा, गाणी, निर्मिती, सगळीकडे त्यांचा हात असायचा. यात एक मेखही होती. वगात दादांना उलटून बोलणारा कुणीतरी समोर असे. पडद्यावर हळूहळू सगळी वाक्यं त्यांच्याच वाट्याला येत गेली.

‘तेरे मेरे बीच में’ (1984) घेऊन ते हिंदीत गेले. बोली सुटली आणि शिल्लक उरला फक्त दुसरा अर्थ. इकडे त्याच सुमारास महेश कोठारे आणि सचिन यांची शहरी विनोदाची लाट आली. तिच्या अग्रभागी होता अशोक सराफ, ज्याला महाराष्ट्रानं पहिल्यांदा नीट पाहिलं ते ‘पांडू हवालदार’मध्ये, दादांच्या शेजारी, हवालदाराच्या वर्दीत.